परत पाठवलेली टोपी

कॅरोवे, मिसिसिपी
५ फेब्रुवारी

लाडक्या शेली,

तू आली नाहीस म्हणून मी रागावणार होते. पण बुधवारी शाळेच्या जिममध्ये जे झालं, त्यानंतर रागवायला जागाच उरली नाही.

टेबलावर दोन टोप्या मांडल्या होत्या; ज्या कॉलेजात जायचं त्याची टोपी मुलानं सगळ्यांसमोर घालायची. लाल टोपी तुमच्या ओकाटोमा स्टेटची आणि हिरवी त्या छोट्या हॅचर कॉलेजची. माझ्या कॉर्डेलनं अख्ख्या गावाचा जीव टांगणीला लावला. कार्ट्यानं हात हिरव्या टोपीवर ठेवला, जरा हसला, आणि लाल उचलून डोक्यावर चढवली. टोपी अर्ध्यावरच अडकली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, टोपी लहान नाही, डोकं फुगलंय!" सगळी जिम हसली. रेव्हरंड ब्रूस्टर रडले. मी नाही रडले. मी कॉलेजच्या करारावर सही केली. आधी त्याची, खाली माझी. आपल्या घरात तुझ्यानंतर कॉलेजात जाणारा हा दुसरा, आणि तेही फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे.

तुमचे कोच स्ट्रिकलंड जानेवारीत घरी आले होते ते तुला सांगितलंच आहे. तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा पाव, वर गोडाला पीचचं कॉबलर. माणूस लाजला नाही, मागून मागून जेवला. जेवणाआधी प्रार्थनाही त्यांनीच म्हटली. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मिसेस हेअरस्टन, ऑगस्टपासून हा मुलगा माझा." माझ्या टेबलावर डोळे मिटून देवाचं नाव घेतलेल्या माणसाच्या शब्दावर मला दुसरी सही नको.

हिरवी टोपी मी लगेच हॅचरच्या कोच थिगपेनना पोस्टानं परत पाठवली. ज्यांना नाही म्हटलं त्यांची वस्तू घरात ठेवायची नाही, हे माझ्या आईनं शिकवलंय. सोबत अंजिराच्या मुरांब्याची एक बरणी आणि चार ओळी: मुलगा दुसरीकडे जातोय, तुम्ही चांगले वागलात, देव तुमचं भलं करो.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते. लिही.

तुझी मॉझेल मावशी

*

ओकाटोमा
१२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून हसले आणि मग घाबरले. माझं नेहमीचंच.

ती हिरवी टोपी कोच थिगपेननी दिली नव्हती. कॉर्डेलनं ती जॅक्सनच्या मॉलमधून विकत घेतली होती. कुठल्याही कोचला सही करणाऱ्या मुलाला टोपीच काय, सुतळीचा तोडाही देता येत नाही. तो नियमभंग होतो. म्हणजे तू त्यांना त्यांची नसलेली टोपी परत केलीस. मुरांब्याचं काय, हे मी नियमांच्या पुस्तकात शोधलं. पुस्तक जाड आहे. आईनं कोचला अंजीर पाठवू नये असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. दोनदा पाहिलं.

आता कामाचं. मी इथल्या कॉलेजच्या खेळांच्या नियम कार्यालयात नोकरी करते, त्यामुळे ऑफिसातलं मला तुला सांगता येत नाही. पुढे लिहिते ते फक्त वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे आणि कुणालाही मोजता येण्यासारखं आहे. संघात एका वेळी पंच्याऐंशी मुलांनाच शिष्यवृत्ती देता येते. आधीची जी मुलं ऑगस्टमध्ये असणार आहेत, त्यांच्यात या बुधवारी सह्या केलेली मुलं मिळवली, तर बेरीज त्याच्या वर जाते. बरीच वर जाते. हे चुकून होत नाही. दर फेब्रुवारीत कोच जागांपेक्षा जास्त सह्या घेतात. कुणी परीक्षेत अडकेल, कुणी घरी पळेल, असा हिशेब असतो. पुरेशी मुलं गळली नाहीत, तर ऑगस्टच्या तोंडावर एखाद्याला बोलावून सांगतात, तू जानेवारीपर्यंत थांब. तोवर शिष्यवृत्ती नाही, खोली नाही. आणि सही केलेला मुलगा तर बांधलेला असतो. कॉलेजनं सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

कॉर्डेलचं असं होईल असं मी म्हणत नाही. मला नावं माहीत नाहीत, आणि माहीत असती तरी लिहिली नसती. तू फक्त एक कर. कोचना एका ओळीचं पत्र लिही: माझा मुलगा ऑगस्टमध्ये येणार की जानेवारीत? आणि उत्तर लेखी माग.

तुझी,
रोशेल

*

कॅरोवे
२० फेब्रुवारी

शेली,

तू आठ वर्षांची असताना चर्चला निघालो की अर्ध्या रस्त्यातून मला परत फिरवायचीस. "मावशी, शेगडी चालू राहिली." शेगडी कधी चालू नव्हती. एकदाही नाही. आता तू पदवीधर झालीस, पण शेगडी काही तुला सोडत नाही.

म्हणे जागांपेक्षा जास्त सह्या! मग त्यात काय? मी चर्चच्या जेवणाला शंभर माणसं धरून स्वयंपाक करते आणि आवतण दीडशेला देते. कुणाचा नातू आजारी पडतो, कुणाची गाडी बंद पडते. आतापर्यंत माझ्याकडून कुणी उपाशी गेलाय? कोच तेच करतायत. मोठा संसार चालवणाऱ्याला असं सढळ हातानं चालावं लागतं. माझ्या घरी जेवून गेलेल्या माणसाकडे मी लेखी मागू म्हणतेस? उद्या त्याला कोंबडीचं बिलही पाठवू का?

कॉर्डेलला हे काही सांगू नकोस. तो रोज पहाटे धावतोय. त्याच्या पायात तुझी काळजी नको.

मावशी

*

ओकाटोमा
२ मार्च

प्रिय मावशी,

शेगडीचं खरं आहे. इथंही मी दारापर्यंत जाऊन परत येते.

पण चर्चच्या जेवणाचं सांगते. एका ईस्टरला खरंच दीडशे माणसं आली होती. मला आठवतंय. तू सगळ्यांना वाढलंस आणि संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून कोरडा पाव खाल्लास. तुझ्याकडे माणसं जास्त झाली की तू उपाशी राहतेस. इथं माणसं जास्त झाली की पाहुणा उपाशी राहतो. यजमान नाही.

एवढंच. पुन्हा हा विषय काढणार नाही.

तुझी,
रोशेल

*

कॅरोवे
१४ मे

शेलताई,

मम्माच्या डब्यातलं पोस्टाचं तिकीट वापरतोय, तिला सांगू नकोस.

कोच स्ट्रिकलंडनी मला काल बोलावलं. एकट्याला. मला वाटलं जर्सीचा नंबर देतायत. खूप छान बोलले. म्हणाले, "तू आमच्या भविष्याचा माणूस आहेस." मग म्हणाले, भविष्य जानेवारीत सुरू होईल. तोवर घरी राहा, व्यायाम कर, अर्धवेळ काहीतरी काम बघ. जागा थोड्या कमी पडतायत. खरा संघाचा माणूस संघासाठी थांबतो. मी विचारलं, जानेवारीत नक्की ना? म्हणाले, "तू माझ्यावर विश्वास ठेवतोस ना?"

आता ह्याला नाही कसं म्हणणार तूच सांग.

मी विचार करून सांगतो म्हटलं. पण मी हो म्हणणार आहे. सात महिने कॅटफिशच्या कारखान्यात मासे सोलीन. माझा मित्र टायरेल म्हणतो, तुझ्याएवढे हात असले की मासा बघूनच मरेल. प्रश्न मम्माचा आहे. तिनं शाळेच्या पदवीदान समारंभासाठी संघाच्या लाल हेल्मेटच्या आकाराचा केक सांगून ठेवलाय. रेव्हरंडनी माझं नाव चर्चच्या फळ्यावर लावलंय. मी तिला काय सांगू? तू हुशार आहेस, काहीतरी असं लिहून दे की तिला वाईट वाटणार नाही.

कॉर्डेल

*

ओकाटोमा
१७ मे

कॉर्डेल,

असं काही लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला, पाच कागद फाडले.

तू स्वतः मम्माला सांग. केकच्या आधी सांग, नंतर नाही. मी तिला तुझ्याआधी सांगणार नाही, पण तिनं विचारलं तर खोटंही बोलणार नाही. आणि तिला सांगितल्याशिवाय कोचना हो म्हणू नकोस. सहीवर तिचंही नाव आहे.

तू फार कमी जागा मागतोस रे. एवढा मोठा देह आणि नेहमी दारात अंग चोरून उभा.

शेलताई

*

ओकाटोमा
२९ मे

प्रिय मावशी,

कॉर्डेलनं तुला सांगितल्याचं त्यानं कळवलं. तू केक परत केला नाहीस, फक्त हेल्मेटवरचं लाल क्रीम खरवडून काढलंस, हेही कळवलं. मला फोन आला नाही, पत्रही नाही. तू काय म्हणत असशील ते मला इथून ऐकू येतं. पण आता जे लिहिते ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं.

संघात डेमेट्रिक पूल नावाचा मुलगा आहे. मागच्या वर्षी त्याचा गुडघा दुखावला होता. आता बरा आहे. रोज सकाळी माझ्या खिडकीखालच्या पायऱ्या तो चढतो आणि उतरतो, मी चहा संपवेपर्यंत. गुडघा कायमचा गेला असं कागदावर ठरलं, तर त्याचं शिक्षण चालू राहतं, पण तो इथं पुन्हा कधी खेळू शकत नाही. आणि संघात त्याची एक जागा मोकळी होते.

तो कागद तपासून पुढे पाठवण्याचं काम माझं. मंगळवारी कोच स्ट्रिकलंड स्वतः माझ्या टेबलाशी आले. मला वाटत होतं त्यांना माझं नावही माहीत नसेल. कागद ठेवला, वर हात ठेवला आणि म्हणाले, "रोशेल, तू कॉर्डेलची बहीण लागतेस ना? त्याच्यासाठी जागा शोधतोय मी. हा एवढा पुढे गेला की त्याला ऑगस्टमध्येच बोलावतो. मला तुझ्या मावशीचं कॉबलर अजून आठवतंय."

मावशी, माझ्या हातात होतं. तुला खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. मग मी म्हटलं, "सर, हा मुलगा रोज पायऱ्या चढतो." ते म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" मी म्हटलं, "नाही सर. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरचं मत मागवते." आणि कागद परत दिला.

मग मी आणखी एक केलं. खेळाडूंना त्यांचे नियम समजावून सांगणं हे माझ्या नोकरीच्या वर्णनात लिहिलेलं आहे. पहिलंच कलम. तर सह्या केलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी मी एकच पत्र पाठवलं. सगळ्यांना तेच, कॉलेजच्या कागदावर, खाली माझं पूर्ण नाव. तुमचा मुलगा कोणत्या सत्रात सुरू करणार हे लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. थांबायला सांगितलं, तर करारातून मोकळं करा असं म्हणण्याचाही हक्क आहे. एकट्या कॉर्डेलला सांगितलं असतं तर ती चोरी होती. सगळ्यांना सांगितलं, म्हणून ते काम झालं.

तुझ्या घरीही एक येईल. ते माझं तुला लिहिलेलं पत्र समजू नकोस. हे आहे.

तुझी,
रोशेल

*

कॅरोवे
१९ जून

रोशेल,

तीन रविवार मी तुझ्यासाठी प्रार्थना केली नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगते.

"तिच्या हातात होतं आणि तिनं दिलं नाही." हे मी भांडी घासताना म्हटलं, कामावर शाळेच्या स्वयंपाकघरात म्हटलं, रेव्हरंड ब्रूस्टरना म्हटलं. ते म्हणाले, "मॉझेल, तूच तर तिला वाढवलंस." मी म्हटलं, "म्हणूनच तर!" काय बोलतेय ते माझं मलाच कळेना.

मागच्या शनिवारी कॉर्डेल अंगणात टायर उचलत होता. मी म्हटलं, "तुझ्या ताईनं कुठल्या तरी परक्या पोरासाठी तुझी जागा घालवली. कोण तो पूल." तर त्यानं टायर खाली टाकला.

"डेमेट्रिक? मम्मा, तो परका नाही. जानेवारीत मी कॉलेज बघायला गेलो तेव्हा मला त्याच्याच खोलीत ठेवलं होतं."

"मग?"

"खोलीत एकच धड गादी होती. ती त्यानं मला दिली. स्वतः जमिनीवर झोपला, दुखऱ्या गुडघ्याखाली स्वेटर घेऊन. म्हणाला, पाहुण्यानं खाली झोपायचं नसतं."

मी आत गेले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. तीच पायरी.

पोरी, तू ईस्टरचं लिहिलं होतंस तेव्हा मला राग आला होता, कारण ते खरं होतं. यजमान कोण होता ते मी चुकीचं ओळखलं. माझ्या टेबलावर जेवलेला तो नव्हता. माझ्या मुलाला गादी देऊन खाली झोपलेला तो होता. आणि त्याचीच गादी काढून मी माझ्या पोराला देणार होते.

सोमवारी तुझं ते छापील पत्र काढलं, चष्मा लावला आणि कोच स्ट्रिकलंडना फोन केला. म्हटलं, "ऑगस्ट की जानेवारी, लेखी सांगा." ते म्हणाले, "मिसेस हेअरस्टन, आपल्यात लेखी कशाला? आपण कुटुंब आहोत." मी म्हटलं, "कुटुंबातल्या लोकांनी माझी भांडी घासलीत. तुम्ही ताट तिथंच ठेवून गेलात." मग मोकळं करण्याचा अर्ज केला. कॉर्डेलनं सही केली, खाली मी.

रेव्हरंडनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. तुमच्या सगळ्या मोठ्या कॉलेजांनी मिळून ठरवलंय, पुढच्या फेब्रुवारीपासून कुणीही एका वर्षात पंचविसाच्या वर नव्या सह्या घ्यायच्या नाहीत. चर्चमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण माझं पोर या फेब्रुवारीतलं आहे. कारखान्यातून त्याला बोलावणं आलंय. काय करू ते सांग.

मावशी

*

ओकाटोमा
२७ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं आणि मग खोलीत जाऊन पुन्हा वाचलं.

कॉर्डेलला मोकळं केल्याचा कागद आज निघाला. दुसऱ्या दोन मुलांनीही तोच अर्ज केला होता. त्यांच्या आयांनीही फोन केले. एक आई तर स्वतः येऊन कोचच्या दाराबाहेर विणत बसली. माझे साहेब, मिस्टर गॅसवे, मला म्हणाले, "तुझ्या पत्रात एकही शब्द चुकीचा नाही. तीच अडचण आहे." नोकरी आहे. टेबल तेवढं हलवलं, आता मी झेरॉक्सच्या यंत्राशेजारी बसते. उन्हाळ्यात उकडतं. पण खिडकी इथंही आहे, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत आलंय. डेमेट्रिक पायऱ्या चढतो आहे.

आता कॉर्डेल कुणाशीही बोलू शकतो. कुठल्या कोचला फोन करावा हे मी सांगू नये, माझं ते काम नाही. पण तू फेब्रुवारीत ज्या माणसाला नाही म्हणताना तोंड गोड केलं होतंस, त्याचा पत्ता तुझ्याकडे आहे.

कारखान्याला अजून हो म्हणू नका.

तुझी,
रोशेल

*

कॅरोवे
१५ जुलै

लाडक्या शेली,

कोच थिगपेन काल येऊन गेले.

बारीक माणूस, जुनी गाडी, शर्टाला घामाचे नकाशे. मी दारातच म्हटलं, "बसा. पाणी देते. जेवायचं नंतर बघू." कॉर्डेल कानापर्यंत लाल झाला. कोंबडी तळून तयार होती, घरभर वास होता, पण मी झाकण काढलं नाही. पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "तुमच्याकडे जागा किती आणि मुलं किती?"

त्यांनी सांगितलं. मग खरं ते पुढचंही सांगितलं. हॅचर लहान आहे, पूर्ण शिष्यवृत्ती कुणालाच देत नाहीत. अर्धी ते देतील, उरलेल्यात सरकारी मदत आणि ग्रंथालयात काम. स्टेडियम म्हणजे चार बाक आणि एक कुत्रा, असं तेच म्हणाले. "पण ऑगस्ट, मॅडम. जानेवारी नाही." मी कागद पुढे सरकवला. त्यांनी तिथंच लिहून सही केली. कॉर्डेलनं वाचलं, मी वाचलं, मग मोठ्यानं पुन्हा वाचलं.

मग झाकण काढलं. बारीक माणूस, पण शेली, स्ट्रिकलंडना मागे टाकलं त्यानं! आणि जेवण झाल्यावर उठून आपलं ताट स्वतः मोरीत नेलं. मी कॉर्डेलकडे फक्त पाहिलं. तो म्हणाला, "हो मम्मा, पाहिलं मी."

मग ते गाडीकडे गेले आणि एक पोस्टाचं खोकं घेऊन आले. माझ्याच अक्षरातलं. आत ती हिरवी टोपी. म्हणाले, "मॅडम, पंचवीस वर्षं मी मुलांच्या घरी जातोय. नाही म्हणताना मला कुणी मुरांबा पाठवला नव्हता. मुरांबा संपला. पण ही टोपी माझी नाही. फेब्रुवारीपासून कपाटावर आहे. परत करायला जावं तर मुलाला टोपी दिली असं होईल, ठेवून घ्यावी तर लोकाची वस्तू. झोप उडवलीत तुम्ही माझी."

कॉर्डेलनं हात पुढे केला. मी त्याच्या हातावर एक चापट मारली.

"थांब," म्हटलं. "आधी माझी भाची पुस्तकात बघेल."

थिगपेन म्हणाले, "भाची असावी तर अशी." आणि टोपी टेबलावर ठेवून गेले. ती तिथंच आहे. जेवताना आम्ही ती बाजूला सरकवतो आणि मग पुन्हा मधोमध ठेवतो. कॉर्डेल दिवसभर तिच्याभोवती घुटमळतोय, पण मी हात लावू दिलेला नाही. तू बघ आणि कळव. दोनदा बघ.

तुझी मॉझेल मावशी

*

ओकाटोमा
१९ जुलै

प्रिय मावशी,

पाहिलं. दोनदा पाहिलं, आणि मिस्टर गॅसवेंनाही दाखवलं.

टोपी त्यानं स्वतःच्या पैशानं घेतली होती. ती पहिल्यापासून त्याचीच आहे. घालू दे.

डोक्यात बसत नसेल तर मागचा पट्टा सोडायला सांग.

तुझी,
रोशेल